किनाऱ्याच्या पाण्याची जलद जंतुचाचणी : निकाल लवकर आला म्हणून पाणी थांबतं का?

खारा_वारा (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की "आता तीन-चार तासांत समुद्राचं पाणी तपासून मिळतं, तेव्हा पोहायला उतरायचं की नाही हा प्रश्न मिटला." मिटलेला नाही. पाण्याच्या सूक्ष्मजीव तपासणीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे राहवलं नाही. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आधी जुनी पद्धत. किनाऱ्याच्या पाण्यात थेट रोगजंतू शोधत नाहीत. पोहून आल्यावर पोट बिघडतं त्यामागे बऱ्याचदा नोरोव्हायरससारखे विषाणू असतात, आणि रोज सकाळी प्रत्येक विषाणूच्या मागे लागणं शक्य नसतं. म्हणून माणसाच्या आणि प्राण्यांच्या आतड्यात राहणारे, विष्ठेबरोबर बाहेर पडणारे निरुपद्रवी जंतू मोजायचे. ते भरपूर सापडले तर सांडपाणी शिरलंय असं धरायचं. खाऱ्या पाण्यासाठी एन्टेरोकोकाय नावाचे असे जंतू मोजतात. इ. कोलाय हा असाच दुसरा आतड्यातला जंतू खाऱ्या पाण्यात लवकर मरतो, शिवाय समुद्रात पोहणाऱ्यांच्या आजारपणाशी एन्टेरोकोकायचा आकडा जास्त जुळतो. गोड्या पाण्यात दोन्ही चालतात.

मोजायच्या दोन रुळलेल्या पद्धती आहेत. एकीत पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून गाळायचं, पटल आगरवर, म्हणजे जंतूंना खाद्य देणाऱ्या जेलीवर ठेवायचं, ४१ अंशांवर २४ तासांनी निळं वलय असलेल्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, मोजायच्या. दुसरी ट्रेची. समुद्राचं पाणी दहापट पातळ करून त्यात जंतूंची वाढ चमकेने दाखवणारी पावडर विरघळवतात आणि ९७ खळग्यांच्या ट्रेमध्ये ओततात, ४९ मोठे नि ४८ छोटे. ट्रे सीलरमधून सपाट होऊन निघतो आणि इन्क्युबेटरमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरला की जंतू वाढलेले खळगे निळसर चमकतात. मोठे किती, छोटे किती ते मोजायचं, तक्त्यात बोट फिरवायचं, आकडा मिळाला. पंधरा-वीस खळगे चमकत असले की नवशिक्यालाही समजतं. भानगड होते ती कडेच्या, अर्धवट उजळलेल्या खळग्यांची. त्यांच्यासाठी शेजारी तुलनेचा ट्रे ठेवावा लागतो.

दोन्हीत एक रात्र जातेच. म्हणजे आज सकाळी किनाऱ्यावर लागलेला फलक कालच्या पाण्याबद्दल बोलतो.

जलद पद्धतीत, म्हणजे क्यूपीसीआरमध्ये, जंतू वाढवायचे नसतात. पाणी गाळायचं, पटल काचेच्या बारीक मण्यांबरोबर नळीत घालून जोरात हलवायचं म्हणजे पेशी फुटतात, सेंट्रिफ्यूज करायचं, आणि वरच्या द्रवातला एन्टेरोकोकायचा ठराविक जनुकीय तुकडा चाळीस चक्रांत वाढवत न्यायचा. जंतू जितके जास्त, तितक्या लवकर या वाढीचा आलेख उचल खातो. साधारण सव्वातीन चक्रं आधी उचलला तर जंतू दहापट. हे सगळं तीन-चार तासांत उरकतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१२च्या निकषांत ही पद्धत मान्य केली. शिकागोने २०१७मध्ये आपल्या सगळ्या तलावकाठच्या किनाऱ्यांवर ती सुरू केली.

आता माझं म्हणणं. बाटली भरल्यापासून फलक लागेपर्यंत तीन टप्पे असतात : बाटली लॅबमध्ये पोचणं, लॅबने उत्तर देणं, आणि उत्तरावर कुणीतरी हालचाल करणं. जलद चाचणी यातला फक्त मधला टप्पा कमी करते. आणि हे चालू असताना पाणी तिथे वाट बघत बसत नाही. कॅलिफोर्नियातला हंटिंग्टन बीच १९९९च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे बराच काळ बंद होता. त्यानंतर तिथल्या नोंदींचा जो अभ्यास २००२मध्ये आला, त्यात मर्यादा ओलांडल्याच्या एकेका घटनेपैकी ७० टक्के एका तासाच्या आत संपलेल्या दिसल्या. चार तासांची चाचणीसुद्धा त्यांच्यापुढे हळूच.

अनुभव असतील तर लिहा. विरोधी मतंही चालतील, तीच हवी आहेत.

---

पाणबुड्या

छान लिहिलंयत ताई. पण शेवटचा परिच्छेद पटला नाही. मी उघड्या पाण्यात नियमित पोहतो. २४ तासांचा निकाल म्हणजे वरातीमागून घोडं. दुपारी बाराला कळलं तर निदान दुपारची गर्दी तरी वाचते ना? सगळं पकडता येत नाही म्हणून काहीच पकडायचं नाही का?

---

उंटावरचा शहाणा

एवढी लॅब-बिब कशाला? पिण्याच्या पाण्यासाठी बाटलीत पाणी भरून ठेवायचं आणि काळं पडलं की खराब, असं किट मिळतं. तेच समुद्रावर वापरा. प्रत्येकाने आपापली बाटली न्यावी, प्रश्न संपला. :)

---

खारा_वारा

@पाणबुड्या, तसं मी म्हटलेलं नाही. ज्या किनाऱ्यावर घाण तासन् तास, दिवसेंदिवस येत राहते, म्हणजे नाल्याचं तोंड जवळ आहे किंवा फुटलेली सांडपाणी वाहिनी आहे, तिथे जलद चाचणीचा चोख उपयोग होतो. तासाभराच्या लाटेसाठी होत नाही. हा फरक आधी कळायला हवा, एवढंच.

@उंटावरचा शहाणा, ते किट गंधकाच्या वायूवर चालतं. काळं पडायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, म्हणजे जुन्या चाचणीपेक्षाही मंद. आणि ते फक्त 'आहे की नाही' सांगतं. पिण्याच्या पाण्यात एकही नको, तेव्हा तिथे एवढं उत्तर पुरतं. समुद्राच्या पाण्यात थोडेफार जंतू असणारच. इथे किती आहेत ते लागतं.

---

आकडेमोड्या

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकजीव शिजलेला असतो. समुद्र तसा नसतो. कमरेएवढ्या पाण्यात दोन हात अंतरावर एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्यांचे आकडे दुपटीने वेगळे येऊ शकतात, आणि त्यात कुणाची चूक नसते. दूषित पाणी ठिगळाठिगळांनी पसरतं. त्यावर ट्रेच्या तक्त्यातला आकडा हा मुळात अंदाज, त्याच्या आजूबाजूची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) बरीच रुंद. लोक मात्र १०३ आणि १०५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असल्यासारखं वागतात, कारण कॅलिफोर्नियात एका नमुन्याची मर्यादा १०० मिलीमागे १०४ एन्टेरोकोकाय आहे.

शिवाय ऊन. सूर्यप्रकाशात एन्टेरोकोकाय झपाट्याने मरतात. त्याच जागी पहाटे आणि दुपारी घेतलेले नमुने वेगळीच गोष्ट सांगतात. म्हणजे सकाळी सहाच्या नमुन्यावर दुपारचा किनारा बंद ठेवला तर कधी कधी तो विनाकारणच बंद राहतो.

---

शंकासूर

दोन प्रश्न.

एक, क्यूपीसीआर डीएनए मोजते. मेलेल्या जंतूचाही डीएनए असतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राने क्लोरीन मारून जंतू मारून पाणी सोडलं, तर ही चाचणी उगाच बोंब मारणार नाही का?

दोन, ईपीएच्या कागदात वाढवून मोजायच्या पद्धतीसाठी किनाऱ्यावर कारवाईचा आकडा १०० मिलीमागे ७० आणि क्यूपीसीआरसाठी १००० दिलाय. चौदापट सैल? जलद म्हणजे ढिली असं समजायचं का?

---

खारा_वारा

@शंकासूर, दुसऱ्या प्रश्नापासून. ७० हा ट्रेवर किंवा आगरवर वाढलेल्या, म्हणजे जिवंत आणि वाढण्याच्या स्थितीतल्या जंतूंचा आकडा. १००० हा ठराविक संख्येच्या जंतूंचा प्रमाणित नमुना सोबत चालवून, त्याच्याशी ताडून काढलेला पेशींचा अंदाज. त्यात जिवंत, मेलेले, अर्धमेले सगळे येतात, त्यामुळे तो मोठाच असतो. दोन्ही आकडे पोहणाऱ्या हजारांत साधारण ३६ जणांना पोटाचा त्रास या एकाच गृहीतकावर बेतलेले आहेत. त्यामुळे एकीची मर्यादा दुसरीला लावू नये, आणि एका किनाऱ्याचे दोन पद्धतींचे आकडे एका आलेखावर काढू नयेत. हे सर्रास होतं.

पहिला प्रश्न खरा आहे. क्लोरीनने मारलेल्या जंतूंचा डीएनए काही काळ पाण्यात राहतो आणि क्यूपीसीआर तो मोजते. पीएमए नावाचा रंग वापरून फुटक्या पेशींचा डीएनए गाळून टाकता येतो, पण अतिनील किरणांनी मेलेल्या पेशीचं आवरण बऱ्याचदा शाबूत असतं, ती निसटते. मात्र याची दुसरी बाजू लक्षात घ्या. क्लोरीनपुढे बॅक्टेरिया पटकन मरतात, विषाणू त्यापेक्षा चिवट. तेव्हा 'मेलेले जंतू भरपूर' याचा अर्थ 'सांडपाणी इथवर पोचलंय' असा होतो, आणि त्यातले विषाणू मेलेच असतील असं नाही. २००३नंतर अमेरिकेत किनाऱ्यांवर हजारो लोकांच्या मुलाखती घेऊन जे अभ्यास झाले, त्यांत पोटाच्या तक्रारींशी क्यूपीसीआरचा आकडा चांगला जुळला, आणि दहा वर्षांखालच्या मुलांत तर जास्तच.

माझ्या मते क्यूपीसीआरची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. गढूळ पाण्यातली ह्युमिक (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) आम्लं, शेवाळ, क्षार यांनी ती अडते आणि आकडा खोटा कमी येतो. जास्त दाखवणारी चाचणी लोकांना चिडवते, कमी दाखवणारी पोटात जाते. म्हणून प्रत्येक नमुन्यात सॅमन माशाचा डीएनए मोजून घालतात. तो नीट सापडला नाही तर नमुना अडलाय हे कळतं, मग अर्क (पेशी फोडून मिळालेला द्रव) पाचपट पातळ करून पुन्हा. यात तुमचे तीन तासांचे पाच होतात.

---

पाणबुड्या

म्हणजे पावसानंतर पाणी गढूळ असतं, नेमकं तेव्हाच चाचणी अडणार. कमाल आहे.

---

आकडेमोड्या

यावर उतारा डिजिटल पीसीआरचा. २० मायक्रोलीटरचं मिश्रण तेलात सुमारे २०,००० थेंबांत फोडतात, प्रत्येक थेंबात पीसीआर स्वतंत्र होते, शेवटी चमकणारे आणि न चमकणारे थेंब मोजायचे, पुढचं गणित प्वासाँचं, म्हणजे संभाव्यतेचं. आलेख किती लवकर उचलला याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून अडथळ्याचा परिणाम कमी, आणि ताडून बघायला प्रमाणित वक्र लागत नाही.

सॅन डिएगो काउंटीने मे २०२२मध्ये रोजच्या कामात हीच पद्धत आणली. जुन्या १०४च्या जागी तिथे १०० मिलीमागे डीएनएच्या १४१३ प्रती (नकला) ही मर्यादा धरली. मग काय झालं? दक्षिणेकडच्या इंपीरियल बीच आणि कोरोनाडोकडे इशारे धडाधड लागू लागले. तिहुआना नदीतून सीमेपलीकडचं, मेक्सिकोतलं सांडपाणी तिथे येतं हे जुनंच दुखणं. पण फलक वाढल्याबरोबर स्थानिक पातळीवर शंका घेतली गेली ती चाचणीवरच.

---

उंटावरचा शहाणा

थर्मामीटर फोडा, ताप उतरेल. :)

---

वाळूतली_रेघ

मी फलक लावणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. एका किनाऱ्यावर जीवरक्षकांच्या वेळापत्रकाचं काम पाहायचे. जलद चाचणीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. निकाल साडेअकरापर्यंत ईमेलवर यायचा. पण फलक बदलायला ज्यांची सही लागायची ते साहेब दुपारी बैठकीत. मी फोन करत राहायची, जीवरक्षक हातात लाल फलक घेऊन मनोऱ्याखाली उभा, आणि लोक त्याच्या बाजूने पाण्यात उतरतायत. तो कुणाला अडवू शकत नव्हता, कारण सही नव्हती. सही चार वाजता यायची, पाचला लोक तसेही घरी जायला निघालेले.

नंतर नियम बदलला. ठरलेल्या आकड्यावर गेलं की लॅबचा निरोप थेट मनोऱ्यावर, आणि फलक जीवरक्षकानेच लावायचा, सही नंतर. चाचणी तीच होती. एवढ्यावर चार-पाच तास वाचले.

---

खारा_वारा

@वाळूतली_रेघ, दंडवत! तिसऱ्या टप्प्याचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं. पहिल्या टप्प्याचंही तसंच. लॅब दोन तासांच्या अंतरावर असेल आणि एकच गाडी दहा किनारे फिरून बाटल्या गोळा करत असेल, तर शेवटची बाटली भरेपर्यंत पहिली शिळी होते. नमुना बर्फात ठेवून सहा तासांच्या आत लावायचा असतो, म्हणजे तसं चालून जातं. पण 'जलद' कुठे राहिलं?

---

शंकासूर

मग लॅबच किनाऱ्यावर न्यावी. पाण्यात ठेवायची यंत्रं निघाली आहेत ना?

---

खारा_वारा

आहेत, तीन तऱ्हांची.

पहिली विकरावर चालते. इ. कोलायमध्ये एक विकर असतं, ते ठराविक रसायन तोडतं आणि चमक निर्माण होते. यंत्र स्वतःच पाणी ओढून ही चमक किती वेगाने वाढते ते मोजतं. काही यंत्रं पंधरा-वीस मिनिटांत आकडा देतात. पण ते विकराची हालचाल मोजतं, जंतू मोजत नाही. दोन्हींचं नातं प्रत्येक ठिकाणी आधी बसवून घ्यावं लागतं.

दुसरी प्रतिपिंडांची. चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडं लावून हवे ते जंतू पकडायचे, मग त्यांचं एटीपी (जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू) काजव्याच्या विकराने उजळवून प्रकाश मोजायचा. तासाभरात होतं. जिवंत पेशीच मोजल्या जातात हा मोठा फायदा. पण मणी भलत्याच जंतूंना चिकटले की आकडा बिघडतो.

तिसरी सगळ्यात भुरळ पाडणारी. सांडपाण्यात ट्रिप्टोफॅनसारखे (हा प्रथिनांचा एक घटक) पदार्थ असतात, ते २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात ३५०च्या आसपास चमकतात. संवेदक पाण्यात बुडवला की आकडा तत्काळ. भूजलासाठी आणि नद्यांसाठी याचा बराच अभ्यास झालाय. समुद्रकिनाऱ्यावर शेवाळही त्याच सुमारास चमकतं, म्हणून मी तरी फक्त त्याच्या जोरावर फलक लावणार नाही. आकडा एकदम वर गेला तर 'आता बाटली भरा' असं सांगायला मात्र उत्तम.

---

रिकामटेकडा

पॅरिस ऑलिंपिक २०२४ आठवलं. सेन नदी. पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती, ती पाण्यामुळे ३१ला ढकलली. निर्णय त्या दिवशी पहाटे जाहीर केला. उद्घाटनाच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपून गेला होता, २८ आणि २९चा नदीतला सराव आधीच रद्द झालेला. तिथे तर पैशाला तोटा नव्हता, तरी पहाटेपर्यंत सगळे ताटकळत.

---

आकडेमोड्या

@रिकामटेकडा, त्यातून दिसतं ते हेच की पावसाकडे बघून निम्मा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून मी चाचणीपेक्षा अंदाजाच्या प्रारूपाच्या बाजूने. अमेरिकेत ओहायोमध्ये ईरी सरोवराच्या काठी २००६पासून नाऊकास्ट चालतं. पाऊस, लाटांची उंची, गढूळपणा, पाण्याची पातळी घालायची, इ. कोलाय मर्यादेच्या वर असण्याची शक्यता किती ते मिळतं. सकाळी लोक यायच्या आत. (ते सुरू झालं त्या किनाऱ्याचं नावही हंटिंग्टनच, वरच्या कॅलिफोर्नियातल्याशी गल्लत नको.) न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचं सेफस्विम २०१७पासून अशा प्रारूपावरच चालतं, पुढच्या दिवसांचा अंदाजही देतं.

'कालचा आकडा आजही तोच' या समजुतीपेक्षा साधं प्रारूपही बहुधा सरस ठरतं. आणि चोवीस तासांच्या चाचणीवरचा फलक ही समजूतच पाळत असतो.

---

खारा_वारा

सहमत, एका अटीवर. प्रारूप शिकतं ते जुन्या नमुन्यांवरून. नमुने थांबवले की दोन-तीन वर्षांत ते आंधळं होतं. आणि कोरड्या दिवशी वाहिनी फुटली तर पावसाच्या आकड्यांना ते कळायचा मार्गच नाही. तिथे बाटलीच लागते.

---

पाणबुड्या

आमच्या गटात एक वाद आहे. एका किनाऱ्यावर आकडे कायम वर, पण आसपास नाला नाही, वस्ती नाही, सीगल मात्र शेकड्यांनी. पक्ष्यांच्या घाणीने आकडा वाढला तर पोहायला धोका तेवढाच का?

---

खारा_वारा

साधारणपणे माणसाच्या सांडपाण्यापेक्षा कमी, शून्य नाही. पक्ष्यांकडूनही कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला हे रोगजंतू येऊ शकतात. एन्टेरोकोकायची चाचणी, जलद असो की जुनी, माणूस आणि सीगल यांत फरक करत नाही. त्यासाठी माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस या जंतूचा एचएफ१८३ हा खुणेचा डीएनए-तुकडा शोधतात, ईपीएने २०१९मध्ये त्याची प्रमाण पद्धत दिली. तीही पीसीआरच, तेव्हा आधीच काढलेल्या अर्कावर त्याच दिवशी चालवता येते. पीसीआरकडे वळण्याचं हे मला वेगापेक्षाही मोठं कारण वाटतं. ट्रेमधून हे कधीच कळलं नसतं.

तुमच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूचाही नमुना घ्यायला सांगा. वाळूत एन्टेरोकोकाय तग धरतात आणि भरतीला पुन्हा पाण्यात येतात. कधी कधी उगमस्थान पायाखालीच असतं.

---

नवी_बाटली

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी किनाऱ्यावरचे नमुने घ्यायचेत, पीसीआर महाविद्यालयात आहे. ताई, नमुना घेताना काय सांभाळू?

---

खारा_वारा

@नवी_बाटली, लोक खरोखर खेळतात तिथे घे, गुडघा ते कमरेएवढ्या पाण्यात. चालताना वाळू उठते, ती बसू दे, मग प्रवाहाकडे तोंड करून उभी राहा म्हणजे तुझ्या पायांनी उठलेला गाळ मागे जाईल. निर्जंतुक बाटली झाकणासकट पाण्याखाली ने, साधारण वीतभर ते फूटभर खोल, तिथेच झाकण काढ, तोंड प्रवाहाकडे. वर थोडी जागा सोड, हलवायला लागते. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नकोस. लगेच बर्फात, पण बाटली वितळलेल्या पाण्यात बुडता कामा नये.

भरती की ओहोटी, ऊन की ढग, शेवटचा पाऊस कधी, पक्षी किती, हे तिथेच वहीत लिही, घरी जाऊन नको. एक बाटली निर्जंतुक पाण्याची भरून किनाऱ्यावर ने आणि बाकीच्यांसारखीच उघडून बंद कर. तिच्यात एन्टेरोकोकाय निघाले तर त्या फेरीचे सगळे नमुने बाद. आणि शक्य असेल तर प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग ट्रेवरही लाव. नुसत्या पीसीआरचे आकडे घेऊन आलीस तर परीक्षक शंकासुरांचाच पहिला प्रश्न विचारतील.

---

नवी_बाटली

धन्यवाद ताई! ट्रेचं डोक्यातच नव्हतं. पुढच्या ओहोटीला निघतेय, आकडे आले की इथेच टाकते.

---

शंकासूर

परीक्षक मी नाही, निश्चिंत राहा. :) आकड्यांबरोबर सॅमनच्या डीएनएचे आकडेही टाका, ते मला बघायचेत.